चार नंबरची मशीन

प्रतापनगरच्या त्या गल्लीत मी शिरलो ते चौदा वर्षांनी. फेब्रुवारीतलं लग्न होतं, हॉल दोन चौक सोडून, आणि नवरदेव अजून वरातीतच अडकला होता. तास-दीड तास सहज हाताशी होता. दुकान जागेवर होतं, पाटी बदलली होती. पूर्वी तिथं बंदूक रोखलेल्या सैनिकाचा फ्लेक्स असायचा. आता पांढऱ्यावर लाल अक्षरं : झेरॉक्स, लॅमिनेशन, पॅन कार्ड, उत्पन्नाचा दाखला, महाडीबीटी, सर्व ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील. काउंटरमागं भाऊ. केस पांढरे झालेले, डोळ्यांवर चष्मा आलेला. आवाज मात्र तोच, दहा मशीनच्या गोंगाटावरून 'सात नंबर, टाइम झाला' असं ओरडून कमावलेला.

भाऊ माझ्या नात्यातला नाही. २००४ ते २००८ या काळात हिंगणा रोडवरच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत नावापुरती हजेरी लावून जी पोरं इथं येऊन बसायची, त्या सगळ्यांचा तो भाऊ. दहा मशीन, एक हब, भिंतीवरून लोंबणाऱ्या निळ्या वायरी, मागच्या खिडकीत कूलर. तासाला पंधरा रुपये. मे महिन्यात कूलरसमोरच्या तीन मशीनसाठी मारामारी व्हायची. त्यांच्यावर कोणता गेम लागलाय याचं कोणाला काही नसायचं. लोडशेडिंगचे दिवस होते. इन्व्हर्टरवर दोन मशीन आणि एक पंखा तग धरायचा. बाकीच्यांचं काउंटर स्ट्राइक अर्ध्यावर मरायचं, आणि भाऊ वहीत प्रत्येकाची उरलेली मिनिटं लिहून ठेवायचा. त्या वहीत कधी एका मिनिटाची चूक सापडली नाही.

त्या दहांत चार नंबरची मशीन वेगळी. 'प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम' हा २००३ सालचा गेम साध्या मशीनवर उघडायचाच नाही. पिक्सेल शेडर नावाची भानगड कळणारं ग्राफिक कार्ड त्याला लागे, आणि स्वस्तातलं जीफोर्स फोर एमएक्स, जे तेव्हा जिथं तिथं बसवलेलं असायचं, ते त्याला चालत नसे. भाऊनं एकाच मशीनमध्ये नवं कार्ड टाकलं. म्हणून दुकानात प्रिन्स एकच, आणि त्या खुर्चीमागं कायम चार-पाच जण उभे. खेळणारा एक, शिकवणारे पाच.

चहा आला. भाऊनं स्टूल पुढं सरकवलं.

भाऊ : मंग, आता काय खेळून राहिला?

मी : काहीच नाही भाऊ. सुटलं सगळं.

भाऊ : सुटलं? दारू सुटली म्हणून सांगतात लोक, तसा सांगून राहिला तू. अभिनंदन करू का वाईट वाटून घेऊ?

मी : तेच कळत नाही. जानेवारीत बातमी वाचली. 'सँड्स ऑफ टाइम'ची नवी आवृत्ती निघणार होती ना, ती कंपनीनं रद्द केली. आपला चार नंबरवाला प्रिन्स. ऑफिसात चहा पिताना वाचलं, आणि चहा संपवला. काही वाटलंच नाही. मला त्याचंच जास्त लागलं.

भाऊ : वय झालं तुझं, दुसरं काय.

मी : वयाचं नाही हो. गेमच बिघडले. 'असासिन्स क्रीड'चं बघा. प्रिन्सच्याच पुढच्या भागाचं काम करता करता ती मालिका निघाली, माणूसही तोच, पात्रीस देझिले. २००७ चा पहिला भाग, मनोऱ्यावरून थेट गवताच्या गाडीत उडी. २००९ चा दुसरा, फ्लॉरेन्स आणि व्हेनिसचा. तिथपर्यंत जीव ओवाळून टाकावा असं काम. पण २००९ पासून २०१५ पर्यंत दर वर्षी एक भाग! दिवाळी अंकासारखा.

भाऊ : तुह्या बाबाले दिवाळी अंक लागत होते ना दर वर्षी? त्यायले नाही आला कटाळा?

मी : दिवाळी अंकात दर वर्षी तीच गोष्ट नसते.

भाऊ : वाचला काय तू इतक्यात एखादा?

यावर मी चहा प्यायलो.

मी : ते सोडा. २०१४ साली 'युनिटी' आला तेव्हा पॅरिसमधल्या काही माणसांना तोंडच नव्हतं. हवेत नुसते डोळे अन् दात. वर्षाचं वर्षाला काढायचं म्हटल्यावर दुसरं काय होणार? शेवटी कंपनीनं माफी मागितली अन् पुढची पुरवणी फुकट वाटली. आणि आता बिघाड नसतो तर लांबण असते. पहिला भाग पंधरा-वीस तासांत संपायचा. 'वलहाला'ला साठ-सत्तर तास. नकाशावर गोवर उठल्यासारख्या खुणा. इथली पेटी उघडा, तिथली चौकी जिंका, पिसं गोळा करा. एक्सेलच्या शीट भरायचा मला महिन्याला पगार मिळतो भाऊ. घरी येऊन पैसे देऊन तेच कशाला करू?

भाऊ : ऐक. याच जागेवर तू रडला होता. प्रिन्स दहा तासांत संपला म्हणून. 'भाऊ, दीडशे रुपयांत संपून गेला, अजून पाहिजे होता.' म्हटला होता का नाही?

मी : म्हटलं असेल.

भाऊ : असेल नाही, म्हटला होता. आता त्यायनं दिला साठ तासांचा, तर म्हणतो लांबण लावली.

एक बाई उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आल्या. भाऊनं तलाठ्याचा कागद पाहिला, रेशन कार्डची झेरॉक्स मागितली, 'आई, अंगठा नाही, सही करा, येते ना?' असं म्हणत पेन पुढं केलं. मी दुकान न्याहाळत बसलो. वायरी गेल्या होत्या, पण भिंतीवर खिळ्यांची रांग तशीच होती. बाई गेल्या, आणि भाऊनं मध्ये काही झालंच नाही अशा थाटात धागा उचलला.

भाऊ : मी लॉट पाहिले ना राजा. तीन, चार लॉट. पहिला लॉट रोड रॅशवाला. त्यायच्यासाठी व्हाइस सिटी लावली मी, तर नाक मुरडून राहिले, की भाऊ, याच्यात चालत्या गाडीवरून साखळी नाही मारता येत. मंग व्हाइस सिटीवाल्यायचा लॉट. म्हणजे तुमचा. तुमी पुढचा जीटीए पाहून म्हटलं, गाडी जड चालते, पहिल्यावानी मजा नाही. त्याच्यामागचा लॉट पबजीवाला. ते माह्या मशीनवर बसलेच नाहीत, पायरीवर बसून माह्या वायफायवर मोबाइलात खेळत होते. २०२० च्या सप्टेंबरात पबजी बंद झाली तर पायरीवर सुतक. २०२१ साली दुसऱ्या नावानं वापस आली तर तेच पोट्टे म्हणतात, भाऊ, पहिल्यावाली बात नाही. अरे, नकाशा तोच, बंदूक तीच! बात कुठून जाते?

मी : म्हणजे सगळा आमच्याच डोक्याचा खेळ?

भाऊ : मले एक सांग. व्हाइस सिटीचे मिशन किती केले तू?

मी : बरेच.

भाऊ : कायचे बरेच! ते खेळण्यातल्या हेलिकॉप्टरनं बिल्डिंगीत बॉम्ब ठेवायचं मिशन आलं की आख्खा लॉट तिथंच थांबे. मंग पॅन्झर टाइप करायचं, रणगाडा काढायचा, बीचवर फिरवायचा. पोलीस मागं लागले की 'लीव्ह मी अलोन' टाइप करायचं. एकानं तरी गोष्ट पूर्ण पाहिली काय? अन् आता म्हणतो की मालिकेची गोष्ट बिघडली.

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं, कारण हेलिकॉप्टरचं ते मिशन मी आजतागायत पूर्ण केलेलं नाही. पण भाऊचं म्हणणं मला पटलंही नव्हतं. लॉटच्या हिशेबात सगळे गेम सारखे होऊन जातात, चांगला-वाईट काही उरतच नाही. दुकानदाराला ते परवडतं, त्याला प्रत्येक तासाचे पंधराच मिळतात. खेळणाऱ्याला चांगल्या-वाईटाचा फरक करावा लागतो.

मी : बरं, मग 'मोस्ट वाँटेड'चं काय? २००५ चा नीड फॉर स्पीड. पंधरा जणांची काळी यादी, सगळ्यात वर रेझर, त्यानं आपली बीएमडब्ल्यू लुबाडलेली, ती परत मिळवायची. २०१२ साली त्याच नावानं दुसरा गेम काढला, त्यात ना रेझर, ना सूड. नाव तेवढं उचललं. हेही आमच्या डोक्यातच?

भाऊ : नाही, ते झोल आहे. तिथं तू बरोबर आहे.

मी : मग?

भाऊ : मंग काही नाही. पण तू सांगून राहिला ना, आपला प्रिन्स, आपला प्रिन्स. तो तुझा होता. माझा नव्हता.

मी : तुम्हीच तर कार्ड आणलं त्याच्यासाठी!

भाऊ : धंद्यासाठी आणलं. माझा प्रिन्स वेगळा. पंच्याण्णव साल असंल. बर्डीवर एका कम्प्युटर क्लासात मी झाडझूड करून शिकत होतो. दुपारी सर जेवायले गेले की फ्लॉपी काढायची. छोटासा पांढऱ्या कपड्यातला माणूस. पळला की खरा माणूस पळाल्यावानी दिसे. उडी मारताना हात कसा पुढं जाई, कठड्याले लटकला की पाय कसे झुलत. आमी गेम खेळायच्या आधी नुसता त्याले पळवत बसत होतो.

भाऊला ठाऊक नव्हतं, पण तो खरोखरच खरा माणूस होता. जॉर्डन मेकनर या पोरगेल्या प्रोग्रॅमरनं आपल्या धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून पळायला, उड्या मारायला लावलं, त्याचं व्हिडिओ शूटिंग केलं आणि एकेक चित्र गिरवून संगणकात उतरवलं. १९८९ साली ॲपल टू या संगणकावर तो गेम निघाला. मी हे सांगितल्यावर भाऊ जरा वेळ गप्प राहिला.

भाऊ : धाकटा भाऊ होता काय तो? ... तरीच. साठ मिनिटं राहात होती एकूण. साठ मिनिटांत राजकन्येपाशी पोचायचं, नाही तर खतम. त्याच्यात ती सावली होती. आरशातून उडी मारली की आपलीच सावली बाहेर निघे, अन् पुढं जाऊन आपल्या वाट्याची बाटली पिऊन टाके.

मी : ती सावली का आली माहितीये? संगणकात जागा उरली नव्हती. नवा शत्रू काढायला मेमरी नाही, म्हणून मेकनरनं प्रिन्सचीच चित्रं वापरून सावली केली.

भाऊ : शेवटी तिच्याशी तलवारबाजी होते. तिले मारलं की आपलाच जीव कमी होते. महिनाभर आमी मरत होतो तिथं. इंटरनेट नाही, विचारायचं कोणाले? एका दिवशी एका पोट्ट्याच्या हातून चुकून तलवार म्यान झाली. तर सावलीनंही म्यान केली. दोघं चालत आले अन् एक झाले. आमी असे ओरडलो, असे ओरडलो, की खालचा चपलांचा दुकानदार वर आला.

हे सांगताना भाऊ उभा राहिला होता. काउंटरवरच्या टाचणीच्या डबीला त्याचा हात लागला, आणि दोघांनी मिळून टाचण्या गोळा केल्या.

भाऊ : आता सांग. चार नंबरवर मी तुमचा प्रिन्स लावला. गोल गोल फिरणारा कॅमेरा, भिंतीवर पळणं, खंजिरानं वेळ मागं फिरवणं. पडला? बटण दाब, वापस वर ये. माह्या मनात आलं, हा कायचा प्रिन्स! मरायची भीतीच काढून टाकली. आमच्या साठ मिनिटांचं काय? पण तुमी पोट्टे पाहून राहिले होते तोंड उघडं टाकून. मी गप्प बसलो. गिऱ्हाइकाचं मन कायले मोडा?

मी : तुम्ही कधी बोलला नाही.

भाऊ : बोलून काय होते? तुमी म्हटलं असतं, भाऊ म्हातारा झाला. मी तेव्हा तीस वर्षांचा होतो.

त्या खंजिराबद्दल मला बरंच बोलायचं होतं. त्या गेमची गोष्ट प्रिन्स स्वतः सांगत असतो. आपण पडून मेलो की त्याचा आवाज म्हणतो, नाही नाही, असं झालं नव्हतं, मी चुकीचं सांगितलं. मरण म्हणजे सांगणाऱ्याची जीभ घसरणं! आणि शेवटी कळतं की तो हे सगळं त्या प्रवासात त्याच्यासोबत असलेल्या फराहला सांगतोय, आणि वेळ मागं फिरल्यामुळं तिला त्यातलं काहीच आठवत नाही. जे दोघांनी मिळून भोगलं ते आता एकट्या त्याच्याच लक्षात आहे. एकविसाव्या वर्षी मी ते पाहिलं आणि सायकल हातात धरून चालत घरी गेलो होतो. भाऊच्या साठ मिनिटांपुढं हे ठेवावं असं वाटलं. पण भाऊनं तोवर भलताच प्रश्न टाकला.

भाऊ : तो रद्द कसा काय झाला पण? बनवून राहिले होते ना पुण्यात?

मी : पुणे आणि मुंबई. युबीसॉफ्टचा पुण्याचा स्टुडिओ २००८ पासूनचा, मुंबईचा २०१८ चा. इतकी वर्षं बहुतेक दुसऱ्यांच्या गेमना हातभार लावायचं काम. २०२० च्या सप्टेंबरात जाहीर झालं की 'सँड्स ऑफ टाइम' नव्यानं करायचा तो इथल्याच पोरांनी. तारीखही दिली, २१ जानेवारी २०२१. सोबत एक ट्रेलर सोडला.

भाऊ : मंग?

मी : मग जगभर हसं झालं. चेहरे मेणाचे, रंग भडक, दिसायला जुनाट. तारीख मार्चवर गेली, मग बेमुदत. २०२२ च्या मे महिन्यात काम पुणे-मुंबईकडून काढून माँट्रियलला दिलं, जिथं २००३ चा मूळ गेम झाला होता तिथंच. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. आणि जी तारीख पहिल्यांदा दिली होती तिला पाच वर्षं झाली तेव्हा, या जानेवारीत, सगळंच बंद.

भाऊ : तू हसला होता काय?

मी : कधी?

भाऊ : ट्रेलर आला तेव्हा.

खोटं बोलता आलं असतं. कॉलेजच्या मित्रांचा एक ग्रुप आहे. त्यात मी त्या ट्रेलरखाली लिहिलं होतं की हे तर भाऊच्या चार नंबरवर चालेल. त्यावर सतरा जणांनी हसरी तोंडं टाकली होती. इतकी दाद त्या ग्रुपवर मला त्याआधी आणि त्यानंतर मिळालेली नाही.

मी : हसलो होतो.

भाऊ : तुले जुनाच पाहिजे होता ना?

मी : हो.

भाऊ : मंग जुन्यासारखा दिसला तर हसला काऊन?

रस्त्यावरून वरातीची बेंजो पार्टी गेली; आमचीच वरात, की दुसरी कोणाची, कळायला मार्ग नव्हता. फेब्रुवारीत नागपुरात एका चौकात दोन वराती भेटतात.

मी बचाव केला, नाही असं नाही. म्हटलं, जुनं पाहिजे म्हणजे जसंच्या तसं नव्हे, जसं आठवतं तसं पाहिजे. चार नंबरच्या पंधरा इंची डबड्या मॉनिटरवर तो महाल मला केवढा दिसला होता! माझ्या आठवणीत त्याला आजच्या दर्जाचं ऊन पडलेलं आहे. पुण्याच्या पोरांनी कितीही चांगलं केलं असतं तरी त्या उन्हाशी कसं जुळवणार होते? बोलता बोलताच मला कळत होतं की मी माझाच खटला हरतोय. नवं करा पण तसंच ठेवा, तसंच ठेवा पण जुनं दिसू देऊ नका, असं गिऱ्हाईक दुकानात आलं तर भाऊ त्याला पुढच्या दुकानात पाठवेल.

आणि मेकनरलाही आपल्या प्रिन्सचं पुढं जे झालं ते सगळं कुठं आवडलं? २००४ च्या 'वॉरियर विदिन'मध्ये राजपुत्राला रक्तपिपासू केला, मागं धडधड रॉक संगीत लावलं. त्या वळणाबद्दलची नापसंती त्यानं उघड बोलून दाखवली होती. बापाचीही तीच तक्रार.

भाऊ : तोंड नोको पाडू. तुले एक सांगू? तुझी तक्रार खोटी नाही, जागा चुकली. गोष्ट लांबली, चेहरा बिघडला, हे चालते. खरा राग मले कायचा येते सांगू?

मी : कशाचा?

भाऊ : चिठ्ठीचा. मागच्या वर्षी इथं एक बाप आला. पोट्टा नववीत. मोबाइलच्या गेमात बंद पेट्या राहतात ना, पैसे भरा, उघडा, निघलं तर निघलं. चार हजार गेले महिन्याभरात. बापाले वाटे कोणी फसवलं, पोलिसात कम्प्लेंट टाइप करून द्या म्हणे. मी पाहिलं तर फसवणूक नाहीच. पोट्ट्यानं स्वतः एकेक पेटी घेतली होती. माह्या दुकानात पंधरा रुपयांत किती खेळला ते वहीत दिसे. पैसे संपले की उठा. मी कधी कोणाले म्हटलं काय, की अजून दहा दे, कदाचित चांगली बंदूक निघंल?

मी : फुटबॉलच्या गेममध्येही तेच चाललंय. खेळाडूंच्या पत्त्यांची पाकिटं. बेल्जियमनं २०१८ साली असल्या पेट्यांना जुगार ठरवलं. तिथं विकणं बंद करावं लागलं.

भाऊ : जुगारच आहे. आमच्या टाइमले मटक्यावाले निदान गल्लीच्या टोकाले उभे राहत होते, घरात येत नव्हते.

इथं आमचं एकमत झालं, आणि एकमत झाल्यावर गप्पा थोड्या पडल्याच. भाऊनं खर्ऱ्याची पुडी काढली, माझ्याकडं पाहिलं, परत ठेवली. मग आठवल्यासारखं करून म्हणाला, 'मागं ये.'

मागं म्हणजे पूर्वी कूलर होता ती जागा. तिथं आता कागदाचे रीम, टोनरचे डबे, आणि एका टेबलावर कापडाखाली एक मशीन. कापड काढलं. कॅबिनेटवर पांढऱ्या ऑइलपेंटनं काढलेला चारचा आकडा, खालची शेपटी ओघळलेली.

भाऊ : बाकीच्या नऊ भंगारात गेल्या. हिच्यावर क्रिकेट चालते अजून.

'ईए स्पोर्ट्स क्रिकेट ०७'. २००६ च्या नोव्हेंबरात आलेला. इंग्लंड-ऑस्ट्रेलियाच्या खेळाडूंची नावं खरी, कारण परवाना तेवढ्यांचाच. आपल्या टीमची नावं मोडून-तोडून टाकलेली. त्यानंतर त्या कंपनीनं क्रिकेटचा गेम काढलाच नाही. आयपीएल सुरू झाली २००८ साली, म्हणजे या गेमला आयपीएल नावाची वस्तूच माहीत नाही. आणि तरी दर मोसमाला भारत-पाकिस्तानातली पोरं त्यात नवे संघ, नवे कपडे, नव्या बॅटींचे स्टिकर, नवी मैदानं बसवत आली. फुकट. कुठल्या तरी गावातला कोणी तरी पोरगा रात्र जागून एखाद्या गोलंदाजाच्या जर्सीवरचा प्रायोजक बदलतो, आणि दुसऱ्या दिवशी हजारो जण तो उतरवून घेतात.

मी : बघा भाऊ! इथं तुमचा लॉटचा हिशेब मोडतो. हा गेम कोणत्या लॉटचा? वीस वर्षं झाली, सगळे लॉट खेळले. का? कारण कंपनी सोडून गेली. पुढचा भाग काढलाच नाही, म्हणून बिघडवायला कोणी उरलं नाही. जे करायचं ते पोरांनी केलं.

भाऊ : भावना नोको टाकू त्याच्यात. डबड्या मशीनवर चालते, फुकट मिळते, अन् आपल्या लोकायले क्रिकेटशिवाय दुसरं दिसत नाही. ऑस्ट्रेलियावाले नवे क्रिकेटचे गेम काढतात ना? त्याले मशीन पाहिजे लाखाची. माह्या गल्लीत आहे काय कोणाकडं?

मी : पण तुम्ही स्वतः टाकायचे ना पॅच? दर एप्रिलला?

भाऊ : वीस रुपये घेत होतो सीडीचे.

मी : नुसते वीस रुपयांसाठी?

भाऊनं उत्तर दिलं नाही. मशीन सुरू व्हायला चार मिनिटं लागली; तेवढ्या वेळात बाहेर दोन झेरॉक्स झाल्या. गेम उघडला, संघांची यादी खाली सरकत गेली. चेन्नई, मुंबई, कोलकाता, मग देश, मग काउंट्या, आणि अगदी तळाला एक संघ : प्रतापनगर. अकरा नावं. ती सगळी पोरं मला ठाऊक होती. सलामीचा आता कॅनडात असतो. विकेटकीपर गडचिरोलीकडं सरकारी नोकरीत. एक जण कोरोनात गेला. त्याचं नाव चौथ्या क्रमांकावर होतं आणि त्याला भाऊनं कप्तान केलं होतं.

भाऊ : दोन हजार अकरा-बाराले केलं. धंदा बसला होता, दिवसभर माशा मारून राहिलो होतो. नावं बदलायचं छोटं सॉफ्टवेअर भेटलं, तर टाकले एकेक.

नवव्या क्रमांकावर मी. नावावर कर्सर नेला तसे आकडे उघडले. गोलंदाजी ५४. फलंदाजी २२.

मी : बावीस?

भाऊ : जसा खेळत होता तसा टाकला.

मी : भाऊ, थोडी वाढवा ना.

भाऊ : तू तर सोडलं सगळं. तुले काय फरक पडते? म्हणत असशील तर नावच काढून टाकतो. माह्या भाच्याले घालतो तिथं.

मी : नको, राहू द्या.

भाऊ : मंग खेळून दाखव पहिले.

कीबोर्डवरची अक्षरं पुसली होती, पण बोटांना ती लागली नाहीत. मोबाइल खिशात थरथरला. वरात हॉलवर पोचली असणार. स्पीकरच्या जोडीतला एकच चालू होता आणि त्यातून रिची बेनॉ यांचा संथ आवाज आला. बेनॉ २०१५ साली गेले. इथं ते अजून टॉस कोणी जिंकला ते सांगतात, न पाहिलेल्या लीगचे, न ऐकलेल्या शहरांचे सामने त्याच सभ्यपणे चालवतात. मी मुद्दाम स्वतःला सलामीला घेतलं. समोर ऑस्ट्रेलिया.

काउंटरवर एक मुलगा स्कॉलरशिपचा फॉर्म घेऊन आला होता. भाऊ त्याच्या आधारचे आकडे एकेक करून टाइप करत होता.

'पहिला बॉल आत येते त्याचा,' तिकडूनच तो म्हणाला. 'थांब, मंग मार.'

मी थांबलो नाही. मधली दांडी उखडून मागं पडली.

'बावीस,' स्क्रीनवरची नजर न काढता भाऊ म्हणाला, आणि त्या मुलाला विचारलं, 'पुढचे चार आकडे सांग.'